शिंगवाली मादी वांझ असते का?

सप्टेंबर संपत आला की उत्तर अमेरिकेतल्या हरणांच्या फार्मवर कळपाची छाननी सुरू होते. कोणत्या माद्या कोणत्या नराकडे सोडायच्या, कोणाला कृत्रिम रेतन करायचं, कोणाला कळपातून काढायचं, हे माजाचा हंगाम येण्याआधी ठरवावं लागतं. अशा वेळी एखाद्या मादीच्या कानापुढे बोटभर शिंग दिसलं, की मालकाच्या मनात पहिला विचार येतो तो एकच: ही काही गाभण राहायची नाही.

हा विचार बऱ्याचदा चुकीचा ठरतो, आणि त्यापायी चांगल्या माद्या विकल्या जातात.

इथे ज्या हरणाबद्दल बोलतोय ते व्हाइटटेल, म्हणजे पांढऱ्या शेपटीचं हरीण. त्याची शिंगं गाईम्हशींसारखी नसतात. गाईचं शिंग हाडाच्या गाभ्यावर चढलेलं केराटिनचं टोपण असतं आणि ते जन्मभर टिकतं. हरणाचं शिंग म्हणजे निव्वळ हाड. ते दरवर्षी गळतं आणि दरवर्षी नव्यानं उगवतं. उगवताना त्यावर केसाळ, मऊ कातडी असते, तिला मखमल म्हणतात. त्या दिवसांत शिंगाला हात लावला तर ते चक्क गरम लागतं, कारण आत रक्तवाहिन्यांचं दाट जाळं असतं. सस्तन प्राण्यांच्या शरीरात इतक्या झपाट्यानं वाढणाऱ्या गोष्टी फार थोड्या.

आता हे मादीच्या डोक्यावर येतंच कसं? शिंगाचं बी कपाळाच्या हाडावरच्या एका इवल्याशा पापुद्र्यात असतं. जर्मनीत हार्टविग आणि श्रुडे यांनी १९७४ मध्ये एक विलक्षण प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी हा पापुद्रा रो जातीच्या हरणाच्या कपाळावरून काढून पुढच्या पायावर लावला, आणि पायावर शिंग उगवलं! शिंग उगवण्याची क्षमता असलेला हा पापुद्रा मादीच्या कपाळावरही असतो. तिच्यात तो झोपलेला असतो, इतकंच. त्याला जागं करायला टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकाचा एक धक्का लागतो. अमेरिकेत १९४७ मध्ये विस्लॉकी आणि सहकाऱ्यांनी अंडाशयं काढून टाकलेल्या मादीला हे संप्रेरक देऊन तिच्या डोक्यावर शिंग वाढवून दाखवलं होतं.

मादीच्या शरीरातही टेस्टोस्टेरॉन असतं. अंडाशयं आणि मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क (अ‍ॅड्रिनल) ग्रंथी ते थोड्या प्रमाणात बनवत असतात. एखाद्या मादीत त्याची पातळी कधीतरी जरा वर गेली, की डोक्यावर खुंट, म्हणजे शिंगाचा हाडाचा पाया, तयार होतो. एकदा खुंट तयार झाला की शिंगाला वाढायला फार टेस्टोस्टेरॉन लागत नाही. उलट नराचं शिंगही वसंत आणि उन्हाळ्यात, त्याच्या रक्तात हे संप्रेरक कमी असतानाच वाढतं.

टेस्टोस्टेरॉनची खरी गरज लागते ती पुढच्या टप्प्यावर. उन्हाळा सरताना नरात ते चढू लागतं, शिंगात खनिजं भरतात, रक्तपुरवठा आटतो, मखमल सुकून लोंबू लागते आणि नर ती झाडाच्या बुंध्यावर घासून काढतो. खाली उरतं ते कठीण, गुळगुळीत हाड. हंगाम संपून संप्रेरक उतरलं की बुडाशी हाड झिजवणाऱ्या पेशी कामाला लागतात आणि शिंग गळतं. लहानपणीच खच्ची केलेल्या नराला शिंगं येत नाहीत, हे अ‍ॅरिस्टॉटलनंही लिहून ठेवलंय. शिंगं वाढत असताना खच्ची केलं, तर तो नर मखमल कधी झाडतच नाही.

म्हणून शिंगवाल्या मादीकडे पाहताना शिंग आहे की नाही, यापेक्षा त्यावर मखमल आहे की नाही, हे बघावं. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येही शिंग केसाळच असेल, तर तिच्या अंगात शिंग कठीण करण्याइतकं टेस्टोस्टेरॉन नाही. अशा माद्या सहसा खऱ्याखुऱ्या माद्या असतात. त्या माजावर येतात, गाभण राहतात, पाडसांना पाजतात. त्यांची शिंगं बहुधा आखूड आणि फाटे नसलेली असतात आणि कडक थंडीत टोकं गोठून तुटतात.

शिंग मात्र नरासारखं चकचकीत, घासून लख्ख झालेलं असेल, तर शंका घ्यायला जागा आहे. बाहेरून मादी वाटणारा तो प्राणी पुष्कळदा आतून मादी नसतो. वृषणं पोटातच राहिलेली असतात, किंवा नर-मादी दोन्हींचे अवयव अर्धवट घडलेले असतात. कधी अंडाशयात किंवा अधिवृक्क ग्रंथीत गाठ झालेली असते आणि तिच्यातून पुरुषी संप्रेरक झिरपत असतं. पूर्वी दोन-तीनदा व्यालेल्या मादीला उतारवयात अचानक कठीण शिंग आलं, तर मी आधी या गाठीचा विचार करेन.

शिंग आणि वृषण यांचं नातं किती जुनं आहे, ते २०१९ मध्ये आणखी स्पष्ट झालं. रवंथ करणाऱ्या प्राण्यांच्या जनुकसंचांची मोठी तुलना झाली, तेव्हा शिंग गमावलेल्या कस्तुरीमृगात आणि चिनी जलमृगात आरएक्सएफपी-२ हे जनुक निकामी झालेलं आढळलं. वृषणं पोटातून खाली उतरण्याच्या कामातही हेच जनुक भाग घेतं. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. डोक्यावरचं आणि पोटातलं, दोन्हींच्या मागे एकच धागा सापडतो.

फार्मवर खात्री करणं अवघड नाही. मादीला पकडून बाह्य अवयव आणि कास तपासावी. प्राण्याला नर ठरवणाऱ्या एसआरवाय जनुकाची चाचणी रक्तातून होते. हे जनुक सापडलं नाही आणि मादी निर्दोष निघाली, तर पहिल्या वर्षी खर्चिक कृत्रिम रेतनाच्या मागे न लागता तिला सरळ नराकडे सोडावं. व्हाइटटेलचा माज जेमतेम एक दिवस टिकतो आणि सुमारे चार आठवड्यांनी परत येतो, त्यामुळे एक माज हुकला तरी हंगाम हातचा जात नाही. महिना-दीड महिन्यानं सोनोग्राफी किंवा रक्ततपासणी केली की गाभण आहे का, ते कळतं.

काही पैदासकार उलट्या टोकाला जातात. मादीलाच शिंग आहे म्हणजे तिच्या मुलग्यांची शिंगं भव्य होणार, असं धरून तिला जास्त भाव देतात. मला हे पटत नाही. तिचं शिंग तिच्या संप्रेरकांची कथा सांगतं, आकाराच्या आनुवंशिकतेची नव्हे. आईकडूनही शिंगाचे गुण जातात हे खरं, पण ते बघायचे असतील तर तिचे भाऊ आणि तिचे मुलगे बघावेत.

रेनडिअरमध्ये तर मादीला शिंगं असणं हाच नियम आहे. तिथे नरांची शिंगं हंगामानंतर गळतात, पण गाभण मादी आपली शिंगं हिवाळाभर, थेट विण्याच्या सुमारापर्यंत राखते. रिकामी राहिलेली मादी ती आधीच टाकून देते. त्यामुळे वसंतात कळपाकडे नुसतं पाहूनही कोण गाभण आहे याचा अंदाज बांधता येतो.

व्हाइटटेलची मादी सुमारे २०० दिवसांनी, मे-जूनमध्ये विते, आणि बहुतेकदा जुळं देते. त्याच दिवसांत तिचं शिंगही वाढत असतं. दूध आणि शिंग, दोन्हींना कॅल्शियम लागतं. शिंग छोटं असल्यानं त्याचा बोजा फार नसतो, पण दोन पाडसं पाजणाऱ्या मादीच्या खाद्यात खनिजं कमी पडू देऊ नयेत. मखमलीला जखम झाली तर रक्त येतं आणि माश्या बसून अळ्या पडतात, म्हणून तिला गर्दीच्या, धक्काबुक्कीच्या वाड्यात ठेवू नये. पाडसं तिच्या पोटाखाली शिरून शेपट्या हलवत दूध ओढत असतात, तेव्हा तिच्या कानांपुढे ती दोन केसाळ बोटं वाढत असतात.