सागवान घेताना गाभा बघा, लावताना महिना बघा

मराठवाड्यात वैशाखात बसवलेलं दार श्रावणात चौकटीत अडकतं आणि श्रावणात बसवलेल्या दाराची फळी होळीपर्यंत तडकते. बोल लागतो सुताराला. कारण मात्र बहुतेक वेळा लाकडातल्या पाण्यात असतं.

लाकूड हवेतला ओलावा घेतं आणि सोडतं. इथल्या मे महिन्यात सावलीतल्या लाकडात वजनाच्या साधारण ६-७ टक्के पाणी राहतं, भर पावसाळ्यात ते १३-१४ टक्क्यांवर जातं. ओलं सागवान पूर्ण सुकेपर्यंत वर्षवलयांच्या कडेने सुमारे ५.८ टक्के आकसतं, गाभ्याकडून सालीच्या दिशेने फक्त २.५ टक्के. म्हणून एक फूट रुंदीची फळी वलयांना समांतर चिरलेली असेल तर मे ते ऑगस्ट ती चारेक मिलिमीटर फुगते, वलयं उभी दिसतील अशी चिरलेली असेल तर जेमतेम दोन. फळीच्या टोकाकडून बघितलं की कोणती फळी कशी चिरली आहे ते लगेच कळतं. इतर बऱ्याच लाकडांच्या मानाने ही हालचाल कमीच आहे आणि सागवानाचा मोठा गुण तोच.

दुसरा गुण वाळवीचा. सागाच्या गाभ्यात तेलकट द्रव्यं आणि टेक्टोक्विनोन असतं, वाळवी आणि बुरशी त्यापासून लांब राहतात. मुंबईच्या गोदीत सागवानाचं बांधलेलं ‘ट्रिंकोमाली’ जहाज १८१७ साली पाण्यात उतरलं, ते आजही इंग्लंडमध्ये तरंगतं आहे. पण हे सगळं गाभ्याचं कौतुक. सालीलगतचं पांढरट लाकूड वाळवी आवडीने खाते. लागवडीतल्या कोवळ्या झाडांत या पांढऱ्याचा वाटा मोठा असतो. माल किनवटच्या जंगलातला असो की घाना-इक्वेडोरचा, वखारीत भाव ठरवण्याआधी चौकटीच्या चारही कडा बघा. एका कडेला बोटभर पांढरं असेल तर ती कड भिंतीच्या बाजूला दडवू नका; वाळवी भिंतीतूनच येते. चिरेत खडूसारखी रेघ दिसली तर मात्र घाबरू नका. ती बुरशी नसते, झाडाने साठवलेला चुना असतो.

चिरलेला माल रचताना दोन थरांमध्ये इंचभर जाडीच्या पट्ट्या दोन-दोन फुटांवर ठेवा. पट्ट्या एकाखाली एक यायलाच हव्यात, नाहीतर फळ्या वाकतात. टोकांना जाड रंग लावा. पाणी टोकांतून सर्वांत लवकर उडतं आणि भेगा तिथूनच सुरू होतात. रास सावलीत हवी. उन्हाळ्यातला गरम वारा थेट लागला तर वरचा थर सुकून आकसतो, आतला ओलाच राहतो आणि फळी फाटते. इंची फळीला तीन-चार महिने द्या. ओलावा मोजायच्या मीटरवर १० टक्क्यांच्या आसपास आकडा आला की काम सुरू करा.

दारातली मधली फळी खाचेत मोकळी राहू द्या. फेव्हिकॉल किंवा खिळा मारून ती जखडली की आकसताना तिला फाटण्यावाचून मार्ग उरत नाही. मे महिन्यात दार बसवताना दोन्ही बाजूंना मिळून चार-पाच मिलिमीटर फट ठेवा, श्रावणात दोन पुरे. सांध्यांना सरस लावण्याआधी जोडाचा भाग थिनरने पुसा आणि लगेच जोडा, कारण तेल पुन्हा वर येतं. सागात वाळूसारखी सिलिकाही असते, त्यामुळे रंध्याचं पातं लवकर बोथटतं. यंत्राला कार्बाइडचं पातं लावा. घासताना तोंडाला मास्क हवाच, भुशाने अंगाला खाज सुटते. (बैलगाडीच्या चाकाला मात्र बाभूळच. धक्के खाण्यात साग तिच्यापुढे टिकत नाही.)

माळवद (मातीचं सपाट छप्पर) उतरवताना निघालेल्या जुन्या सागवानी तुळया मिळाल्या तर सोडू नका, त्या पुरत्या वाळलेल्या असतात. भिंतीत रुतलेलं टोक आधी पटाशीने टोचून बघा. पटाशी सहज आत गेली तर तेवढा भाग कापून टाका. आरागिरणीत नेण्याआधी सगळीकडून लोहचुंबक फिरवा, कारण आत मोडून राहिलेला एक जुना खिळा पूर्ण पातं वाया घालवतो.