तुर्की रंगभूमी 1923 नंतरची? नाही

1923 मध्ये स्थापन झालेल्या अतातुर्कच्या प्रजासत्ताकानेच तुर्कस्तानात नाटक आणि ऑपेरा आणला, हे वर्षानुवर्षे सांगितलं जातं. ते चूक आहे. त्याआधी, ऑटोमन काळातच, इस्तंबूलच्या पेरा भागातल्या नाउम थिएटरात इटालियन संगीतकार व्हर्दीचे ऑपेरे रंगत. 1870 च्या आगीत ते जळालं. त्याच वर्षी अर्मेनियन नट-व्यवस्थापक गुल्लू आगोपला तुर्की भाषेतल्या नाटकांचा 10 वर्षांचा मक्ता मिळाला. कलावंतांत, विशेषतः नट्यांत, अर्मेनियन बहुसंख्य होते. मुस्लिम स्त्रियांना रंगमंच बंदच होता. 1920 मध्ये अफिफे जाले ही मुस्लिम नटी रंगमंचावर उभी राहिली, तेव्हा पोलीस मागे लागले. अर्मेनियनांचं हे ऋण वगळल्यामुळेही हा गैरसमज टिकला असावा.

बॅलेबाबत मात्र दावा बराचसा खरा: ब्रिटनमधल्या बॅले-दिग्दर्शिका निनेट द व्हॅल्वा यांच्या मार्गदर्शनाखाली बॅलेशाळा 1948 मध्ये इस्तंबूलच्या येशिलक्योयला सुरू झाली, 1950 मध्ये अंकाराला गेली.