चुंबकी जोडगाड्या: डबा उघडण्यापूर्वी आणि उघडल्यावर

डब्यात नऊ लाकडी तुकडे आहेत. तीन तोंडं, तीन पोटं, तीन शेपट्या. तोंड म्हणजे ड्रायव्हरची केबिन, पोट म्हणजे मधला भाग आणि शेपटी म्हणजे मागचा. वर्कशॉपमध्ये आम्ही हेच शब्द वापरतो, म्हणून इथेही तेच ठेवलेत. एसटीच्या तोंडाला टँकरचं पोट आणि त्याला घंटागाडीची शेपटी, असं काहीही कशालाही जोडता येतं. एक तोंड, एक पोट, एक शेपटी असा हिशेब धरला तरी ३ × ३ × ३ म्हणजे २७ गाड्या होतात. मुलं अर्थात हा हिशेब पाळत नाहीत. दोन तोंडं पाठीला पाठ लावून जोडली की दोन्हीकडे केबिन असलेली लोकल तयार होते, आणि एकदा ती सापडली की एसटी-टँकर मागे पडतात.

आमचं वर्कशॉप सावंतवाडीत आहे. इथल्या चितारआळीतली लाकडी फळं, भाज्या आणि भातुकली तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी कोकणातून येताना नेली असेल. लाकूड आणि लाखकाम आम्ही तिथूनच उचललं, चुंबकाचा भाग मात्र नवा. ग्राहक सगळ्यात जास्त प्रश्न त्याबद्दलच विचारतात, आणि ते योग्यच आहे.

कुठलंही तोंड कुठल्याही पोटाला कसं जुळतं

चुंबकाला दोन टोकं असतात, उत्तर आणि दक्षिण. वेगळी टोकं ओढतात, सारखी ढकलतात. डब्याच्या प्रत्येक टोकाला एकेकच चुंबक असलेली लाकडी आगगाडी घरात असेल तर पुढचं माहीत असेल: एखादा डबा उलट्या दिशेनं धरला की तो जोडलाच जात नाही, दुसऱ्या डब्याला पुढे पळवतो. आगगाडीत ते चालून जातं, कारण सगळे डबे एकाच दिशेनं लावता येतात. जोडगाडीत नाही चालत. तोंडाला तोंड आणि शेपटीला शेपटी लावता आली नाही तर निम्मी मजा गेली.

यावर दोन-तीन उपाय आहेत. एका बाजूला चुंबक आणि दुसऱ्या बाजूला लोखंडी पत्रा बसवता येतो, पण मग पत्र्याला पत्रा चिकटत नाही. किंवा चुंबक आत मोकळ्या खणात ठेवायचा, म्हणजे तो स्वतःच फिरून योग्य बाजू समोर आणतो. हे छान चालतं, फक्त गाडी हलवली की आत खुळखुळतं आणि खणासाठी लाकूड जास्त पोखरावं लागतं. आम्हाला ते पोखरणं पटलं नाही.

आम्ही प्रत्येक जोडाच्या बाजूला दोन चुंबक शेजारी-शेजारी बसवतो. बाजू तुमच्याकडे करून धरलीत तर डावीकडे उत्तर टोक, उजवीकडे दक्षिण. सगळ्या तुकड्यांवर, सगळ्या बाजूंना हेच. आता दोन माणसं समोरासमोर उभी राहिली की एकाच्या डाव्या हातासमोर दुसऱ्याचा उजवा हात येतो. तसंच दोन तुकडे समोरासमोर आले की एकाच्या उत्तरेसमोर दुसऱ्याची दक्षिण आपोआप येते. नर-मादी असा भेद उरत नाही, आणि आई-बाबांना ‘अगं, उलटा धर’ म्हणावं लागत नाही.

यात एक फायदा न मागता मिळाला. तुकडा उताणा करून, म्हणजे चाकं आभाळाकडे करून लावायला गेलं की डावं-उजवं उलटतं, सारखी टोकं समोर येतात आणि तुकडा दूर ढकलला जातो. त्यामुळे गाडी नेहमी चाकांवरच जुळते. मुलांना हे फार लवकर कळतं. उताणा तुकडा हातात धरून दुसरी गाडी न शिवता जमिनीवर पळवण्याचा खेळ आम्ही शोधलेला नाही, पण आता विकताना आम्हीच तो करून दाखवतो.

चुंबक भरायचं काम बघण्यासारखं असतं. चकत्या येतात त्या एकमेकींना चिकटलेल्या उतरंडीत, आणि उतरंडीतल्या सगळ्या चकत्यांची उत्तर टोकं एकाच दिशेला असतात. डाव्या खणासाठी वरून चकती सरकवून काढायची, उजव्या खणासाठी अख्खी उतरंड उलटी करून. एक जरी चकती चुकीच्या अंगानं बसली तरी तो तुकडा बाकी सगळ्यांत वाळीत पडतो. म्हणून लाकूड चिकटवण्याआधी एकदा आणि वाळल्यावर एकदा, प्रत्येक बाजू एका ठरलेल्या नमुन्याला लावून पाहिली जाते.

जोर किती असावा

हे निओडायमियम चुंबक आहेत. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला हा प्रकार तयार झाला आणि छोट्या आकारात मोठा जोर शक्य झाला. फ्रिजवरच्या स्टिकरमागे जी काळी लवचीक पट्टी असते, तिच्यापेक्षा हे कितीतरी जोरदार. पण चुंबकाचा जोर अंतराबरोबर झपाट्यानं घटतो. आमच्या तुकड्यांत चुंबकासमोर लाकडाचा पातळ पडदा ठेवलेला असतो, आणि दोन तुकडे जोडले की दोन पडद्यांचं अंतर मध्ये येतं. पडदा जाड झाला तर गाडी ओढताना सुटते. पातळ झाला तर लाकूड तडकण्याची भीती, शिवाय पकड इतकी घट्ट होते की तीन वर्षांच्या हातांना सुटत नाही आणि बोटाची कातडी मध्ये सापडते. या दोन्हींच्या मधली जाडी आम्ही ठरवलेली आहे. तोंड धरून तीन तुकड्यांची गाडी उभी लटकवली तर ती तुटायची नाही, आणि मुलानं बाजूला सरकवली की सुटायची, ही आमची कसोटी.

सरकवली, हे महत्त्वाचं. समोरासमोर खेचून काढायला जितका जोर लागतो त्याच्या मानानं आडवं सरकवायला बराच कमी लागतो. पहिल्यांदा डबा उघडाल तेव्हा मुलाला हे एकदा करून दाखवा.

गाडीचं वजन चुंबकावर टाकलेलं नाही. प्रत्येक तुकड्याला स्वतःचा आस आणि दोन चाकं आहेत. वजन चाकं पेलतात, चुंबक फक्त धरून ठेवतो. दोन तुकडे जोडले की चारचाकी, तीन जोडले की सहाचाकी ट्रक. एकटा तुकडा ठेवला तर तो पुढे किंवा मागे कलंडतो. तो बिघाड नाही, दोन चाकांवर तसंच होणार. आस लाकडाचे आहेत, कारण लोखंडी आस चुंबकाचा थोडा जोर आपल्याकडे वळवतो.

सुरक्षितता: हा भाग कृपया पूर्ण वाचा

चुंबकी खेळण्यातला खरा धोका चुंबक सुटून मुलाच्या पोटात जाण्याचा आहे. एखादं नाणं गिळलं तर ते बऱ्याचदा शौचावाटे निघून जातं. चुंबकाचं तसं नाही. दोन चुंबक, किंवा एक चुंबक आणि एखादी लोखंडी वस्तू पोटात गेली तर आतड्याच्या दोन वेटोळ्यांतून ती एकमेकांना ओढून धरतात. मधली भिंत चेपली जाते, तिथला रक्तपुरवठा थांबतो आणि आतड्याला भोक पडू शकतं. सुरुवातीला मूल अगदी व्यवस्थित खेळत असतं, नंतर साधी पोटदुखी किंवा उलटी होते, आणि घरचे अपचन समजून ओवा देतात. २००७ साली जगातल्या एका बड्या खेळणी कंपनीला बारीक चुंबक सुटू शकतात म्हणून लाखो खेळणी बाजारातून परत घ्यावी लागली होती.

तेव्हा मुलानं चुंबक गिळल्याचा नुसता संशय आला तरी घरी वाट पाहू नका. उलटी करवू नका, केळं किंवा भात खायला घालून ‘निघून जाईल’ म्हणू नका. शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात लगेच जा आणि ‘चुंबक’ हा शब्द स्पष्ट सांगा, कारण एकमेकांना चिकटलेले दोन चुंबक एक्स-रेमध्ये एकच वस्तू असल्यासारखे दिसू शकतात. गिळलेल्या चुंबकासारखा दुसरा घरात असेल तर तो सोबत न्या. हे आमच्या खेळण्यापुरतं नाही, कुठल्याही चुंबकासाठी आहे. बाजारात मिळणारे मोत्याएवढे सुटे चुंबकी गोळे लहान मूल असलेल्या घरात आणूच नयेत, असं आमचं स्पष्ट मत आहे.

चुंबक सुटू नये म्हणून आम्ही चुंबक बाहेरून भोक पाडून चिकटवत नाही. ठोकळा उभा चिरून दोन फाका करतो, आतून खण कोरतो, चकत्या बसवतो आणि फाका पुन्हा चिकटवून क्लॅम्पमध्ये ठेवतो. चिरलेल्या दोन्ही बाजू लाकडाच्या तंतूंच्या दिशेनं असल्यानं डिंक तिथे सगळ्यात पक्का धरतो. चुंबक बाहेर काढायचा तर लाकूडच फोडावं लागेल.

खेळण्यांच्या सुरक्षा मानकात सुट्या चुंबकासाठी एक माप आहे, फ्लक्स इंडेक्स, म्हणजे चुंबकाच्या जोराचा आकडा. गिळता येईल एवढ्या सुट्या चुंबकाचा हा आकडा ५० च्या खाली हवा. आमच्या चकत्यांचा आकडा त्याच्या कितीतरी वर आहे, नाहीतर त्या लाकडाआडून गाडी धरूच शकल्या नसत्या. म्हणूनच त्या सुट्या होऊ नयेत यावर सगळी भिस्त आहे. ‘गिळता येईल एवढा’ हेही अंदाजानं ठरत नाही. त्यासाठी ३१.७ मिलिमीटर व्यासाचं, तिरक्या तळाचं एक नळकांडं असतं. त्यात जे पूर्ण मावतं ते लहान मुलासाठी धोक्याचं. आमचं चाक ३६ मिलिमीटरचं आहे, म्हणजे निखळलंच तरी त्यात मावत नाही.

गाडीच्या तोंडात आणि शेपटीत दोन-दोन चुंबक आहेत, पोटात चार. एखादा तुकडा फुटला, सांध्याला भेग दिसली, कुत्र्यानं चावला, तर तो लगेच बाजूला काढा आणि चकत्या मोजून घ्या. एक जरी कमी भरली तर ती सापडेपर्यंत मुलाला त्या खोलीत सोडू नका. फुटलेला तुकडा आम्ही विनाशुल्क बदलून देतो. बिल नसलं तरी चालेल, तुकडा मात्र चुंबकांसह परत हवा.

घरात कुणाला पेसमेकर असेल तर तुकडे त्यांच्या छातीजवळ नेऊ नयेत, एक वीतभर लांब ठेवावेत. नातू मांडीवर बसून आजोबांच्या छातीवरूनच गाडी चालवतो, म्हणून मुद्दाम लिहिलंय. मुलाला ऐकू येण्यासाठी बसवलेलं कॉक्लिअर इम्प्लांट किंवा मेंदूतल्या पाण्यासाठी बसवलेला शंट असेल तर विकत घेण्याआधी डॉक्टरांना विचारा. काही शंटचं सेटिंग चुंबकानं बदलू शकतं. बँकेच्या पासबुकावरची काळी पट्टीही चुंबकाला घाबरते.

१ जानेवारी २०२१ पासून भारतात १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. आमच्या डब्याच्या तळाला ते चिन्ह आणि सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक छापलेला आहे. भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये तो टाकून पाहा. आमचाच नव्हे, कुठल्याही खेळण्याचा टाकून पाहायची सवय असू द्या. हा खेळ तीन वर्षांवरील मुलांसाठी आहे. धाकटं भावंड रांगत असेल तर खेळून झाल्यावर डबा वर ठेवा.

लाकूड, लाख आणि पावसाळा

ठोकळे शिवण या झाडाच्या लाकडाचे आहेत. शिवण हलकी, कापायला मऊ, आणि वाळल्यावर फारशी वाकत नाही. सागवान का नाही, असं पुष्कळ जण विचारतात. सागवान उत्तमच, पण जड आणि महाग. पायावर पडणाऱ्या वस्तूसाठी आम्हाला हलकं लाकूड बरं वाटतं.

चाकं कातारीच्या यंत्रावर फिरत असतानाच त्यांवर लाखेची रंगीत कांडी दाबतात. घर्षणाच्या उष्णतेनं लाख वितळून लाकडावर चढते. कर्नाटकातल्या चन्नपट्टणचे कारागीर त्यावर केवड्याच्या पानानं चकाकी आणतात, आम्हीही तसंच करतो. ही लाख सुंदर दिसते, पण तिचे काही हट्ट आहेत. पाण्यात भिजत ठेवली तर पांढुरकी पडते. उन्हात तापलेल्या मोटारीच्या काचेमागे ठेवली तर मऊ पडून चिकट होते. आणि हँड सॅनिटायझर किंवा स्पिरिट लावलेल्या कापडानं पुसलीत तर विरघळून रंग कापडावर येतो, कारण लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. ओलसर फडक्यानं पुसा, लगेच कोरडं करा. एवढंच पुरे.

जुलै-ऑगस्टमध्ये चाकं जरा जड फिरतील. लाकूड हवेतला ओलावा पिऊन फुगतं, त्याला इलाज नाही. दिवाळीपर्यंत ती आपोआप मोकळी होतात. फारच अडत असतील तर आसाला साधी मेणबत्ती घासा. खोबरेल तेल लावू नका, त्यावर धूळ बसून चिकटा होतो.

एसटी निळी का?

लाल एसटी डब्यात आहेच. निळी-चंदेरी सुटी मिळते, आणि ती बघून आजी-आजोबाच आधी हात पुढे करतात. जून १९४८ मध्ये पुणे–अहमदनगर मार्गावर धावलेली पहिली एसटी निळ्या-चंदेरी रंगाची होती आणि तिचा सांगाडाही लाकडाचा होता. लाकडी एसटी आम्ही नव्यानं करतोय असं काही नाही.

रिक्षा अजून केलेली नाही. तिच्या पुढच्या एका चाकामुळे तोंड एकटं असताना आडवंच पडतं, आणि दोन चाकं लावली तर मुलं म्हणतात ही रिक्षा नाही. त्यांचं बरोबर आहे.

जोडाच्या बाजूचं माप आणि चुंबकांची जागा आम्ही बदलत नाही. तीन वर्षांपूर्वी घेतलेल्या डब्याला आजचा जेसीबी किंवा आंब्याच्या पेट्यांचा टेंपो जुळतो, पुढेही जुळेल. सुटे तुकडे दुकानात मागा. हरवलेल्या एका शेपटीसाठी नवा डबा घ्यायची गरज नाही.