पडवीतली जुनी गाडी स्वतः उभी करताना : आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

हिरो होंडाची सीडी 100, स्प्लेंडर किंवा त्याच घराण्यातली एखादी गाडी वर्षानुवर्षं पडवीत, गोठ्यात नाहीतर आंब्याखाली उभी आहे आणि ती स्वतःच्या हाताने चालू करायची आहे, अशा ग्राहकांसाठी हे पत्रक आहे. आमच्या वर्कशॉपमध्ये येणाऱ्यांपैकी बरेचजण पहिल्यांदाच पाना हातात घेत असतात. त्यांना पहिल्या भेटीत आम्ही एकच सांगतो: गाडी आधी चालती करा, मग थांबती करा आणि देखणी सगळ्यात शेवटी. रंगापासून सुरुवात केलेल्या गाड्या बहुतेक अर्धवट राहतात. टाकी चकाचक, साइड पॅनल कोरी करकरीत आणि इंजिन खोक्यात. तोवर पैसे संपलेले असतात आणि हौसही.

सीडी 100 आली 1985 साली, स्प्लेंडर 1994 साली. दोन्हींचं इंजिन 97.2 सीसीचं, जवळजवळ आडवं, वाऱ्यावर थंड होणारं. त्याच घडणीचं इंजिन पुढेही वर्षानुवर्षं बनत राहिलं, म्हणून रिंगा, क्लच प्लेट, गॅस्केट, केबल हे सगळं तालुक्याच्या दुकानातही मिळतं. शिकायला यापेक्षा बरी गाडी आमच्या मते नाही. फक्त, सगळेच पार्ट एकमेकांत बसत नाहीत. जुना पार्ट हातात घेऊनच दुकानात जा.

पाना उचलण्याआधी कागद

एम-परिवहन अ‍ॅपवर गाडीचा नंबर टाकून आरसी जिवंत आहे का ते बघा. खासगी दुचाकीची नोंदणी 15 वर्षांची असते, त्यानंतर फॉर्म 25 भरून नूतनीकरण करावं लागतं. उशीर झाला असेल तर दंड महिन्यागणिक वाढतो आणि पर्यावरण कर वेगळा. गाडी वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावावर असेल आणि ते हयात नसतील, तर वारसाच्या नावावर करण्यासाठी फॉर्म 31. शिवाय 1 एप्रिल 2019 पूर्वीच्या गाडीला नवी हाय सिक्युरिटी नंबर प्लेट लागते. हा सगळा खर्च आधी मांडा आणि गाडी करायची की नाही ते त्यावर ठरवा.

याच्याशी जोडलेली एक गोष्ट फार महत्त्वाची. चेसिस नंबर हँडलखालच्या पाइपवर कोरलेला असतो. आरटीओत त्याचा पेन्सिल प्रिंट लागतो, म्हणजे नंबरावर कागद धरून पेन्सिल घासली की आकडे उमटले पाहिजेत. गंज काढण्याच्या भरात कुणी तिथे ग्राइंडर फिरवला, किंवा पावडर कोटिंगचा जाड थर बसला, की आकडे दिसेनासे होतात आणि चांगली गाडी कागदावर मरते. त्या जागेवर फक्त रस्टोलीन (गंज सोडवणारं तेल) आणि जुना टूथब्रश वापरा. वरून ग्रीस लावून टेप मारून ठेवा. आमच्याकडे चेसिस कोटिंगला आली की ती जागा आम्ही झाकूनच घेतो.

इंजिन धरलंय का?

किकवर उभं राहून उड्या मारू नका. किक हलत नसेल तर पिस्टनच्या रिंगा बोअरला, म्हणजे पिस्टन ज्या नळीत सरकतो तिला, चिकटल्या आहेत असं समजा. जोर केला तर रिंग तुटते आणि बोअरला ओरखडा पडतो. मग काम लेथवाल्याकडे जातं.

प्लग काढा आणि त्या भोकातून दोन-तीन चमचे डिझेल आणि इंजिन ऑइलचं मिश्रण सोडा. या इंजिनाचा बोअर आडवा आहे, त्यामुळे गाडी सपाटीवर असेल तर तेल खालच्या बाजूला साचून राहतं आणि वरच्या रिंगेला लागतच नाही. म्हणून पुढचं चाक एक-दोन चिऱ्यांवर चढवा, गाडी खांबाला बांधा आणि तशीच चार दिवस राहू द्या. तेल पिस्टनकडे उतरतं. मग गाडी खाली घेऊन मेन स्टँडवर लावा, टॉप गिअर टाका आणि मागचं चाक हाताने थोडं पुढे, थोडं मागे असं हलवत राहा. बोटभर हलली तरी गाडी सुटली. नाहीच हलली तर पुन्हा तेल, पुन्हा थांबा.

सुटल्यावर लगेच चालू करायची घाई नको. जुनं ऑइल काढा, गाळणी धुवा, नवं ऑइल भरा. हेडवरचं टॅपेटचं (व्हॉल्व्हवरचं) झाकण उघडून, प्लग काढलेला ठेवूनच किक मारत राहा. वर हेडमध्ये ताजं तेल आलेलं डोळ्यांनी दिसलं की मगच प्लग लावा. काढलेलं ऑइल दुधाळ निघालं तर आत पाणी गेलं आहे. जुलै 2021 च्या पुरात चिपळूणला बुडालेल्या गाड्यांसारखी गाडी असेल तर हे काही करत बसू नका. आत गाळ असतो, इंजिन खोलावंच लागतं.

इंजिनच्या केसिंगचे (बाहेरच्या कव्हरांचे) स्क्रू फुलीचे दिसतात, पण जपानी मापाचे आहेत. नेहमीचा फुलीचा स्क्रू ड्रायव्हर त्यात पूर्ण बसत नाही, घसरतो आणि डोकं खाऊन टाकतो. इम्पॅक्ट ड्रायव्हर (हातोडीच्या ठोक्याने फिरणारा) आणि त्या मापाचा बिट आमच्याकडून अनामत भरून घरी न्या. काढलेले बोल्ट श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यांत ठेवा आणि झाकणावर मार्करने कुठले ते लिहा. फोटो काढायचे ते बोल्ट काढण्याआधी.

टाकी

सगळ्यात जास्त हाल टाकीचे होतात, म्हणून इथे वेळ द्या. कॉक (पेट्रोलची तोटी), पेट्रोल काट्याचा फ्लोट आणि झाकण काढा. कॉक जस्ताचा ओतीव असतो, आम्लात तो खराब होतो. भोक रबरी बुचाने बंद करा. उरलेलं पेट्रोल काढून टाकी साबणाच्या गरम पाण्याने दोनदा खळबळून घ्या, कारण तेलकट थरावर आम्ल काम करत नाही. मग लिटरमागे 50 ते 100 ग्रॅम सायट्रिक अ‍ॅसिड कोमट पाण्यात विरघळवून टाकी काठोकाठ भरा आणि रात्रभर ठेवा. आमसुलाने तांब्याची कळशी उजळते, तसंच हे आहे: आंबटपणा गंज सोडवतो आणि पत्रा सांभाळतो. फरशी धुण्याचं अ‍ॅसिड मात्र कुणीही सांगितलं तरी वापरू नका. ते गंजाबरोबर पत्राही खातं आणि त्याची वाफ छातीत जाते.

पाणी ओतून दिल्यावर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, पुन्हा साध्या पाण्याने धुवा आणि ताबडतोब सुकवा. ताबडतोब म्हणजे त्याच तासात, हेअर ड्रायर लावून. उघडा पडलेला पत्रा कोकणातल्या हवेत बघता बघता तांबूस होतो. हे काम पावसाळ्यात काढूच नका. सुकली की थोडं पेट्रोल आणि इंजिन ऑइल एकत्र करून आत फिरवा.

टाकीला भोक असेल तर घरी वेल्डिंग अजिबात नको. रिकाम्या टाकीत पेट्रोलची वाफ असते आणि भरलेल्या टाकीपेक्षा ती जास्त धोक्याची. ते काम आमच्याकडे द्या.

कार्बोरेटर खोलला की पायलट जेट (मंद चालीला पेट्रोल सोडणारी बारीक नळी) बघा, रेस न देता गाडी चालू न राहण्याचं कारण बहुधा तिथेच सापडतं. जेट पितळेचा आहे, त्यात स्टीलची तार घालू नका. नायलॉनचा धागा आणि कार्ब क्लीनर पुरतो.

ब्रेक आणि टायर

इथे काटकसर नको. ब्रेक ड्रम उघडल्यावर आतली धूळ फुंकू नका, हवा मारू नका. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅसबेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने पुसा आणि फडकं पिशवीत बांधून टाका. ड्रमच्या आत कमाल व्यास कोरलेला असतो, त्यापेक्षा घासलेला ड्रम नव्या शूनेही धरत नाही. पुढच्या ब्रेकची केबल नवी टाका.

टायरची नक्षी दिसते म्हणून टायर चांगला असं नाही. कडेला चार आकडे शोधा: 2314 म्हणजे 2014 चा तेविसावा आठवडा. इतक्या जुन्या टायरचं रबर कडक झालेलं असतं, ओल्या रस्त्यावर ते पकड धरत नाही. चेन घेताना पुढचं-मागचं स्प्रॉकेट सोबतच घ्या.

वायरिंगचं फारसं नसतं. उंदरांनी खाल्लेलं असेल तर जोडत बसण्यापेक्षा नवा हार्नेस (वायरींचा तयार जुडगा) स्वस्त पडतो.

गंज आणि रंग

चेसिसला छोट्या हातोडीने टिचक्या मारत फिरा, विशेषतः बॅटरीच्या ट्रेखाली आणि मेन स्टँडच्या जोडाजवळ. खणखणीत आवाज आला तर गंज वरवरचा. बद्द आवाज आला किंवा पापुद्रा सुटला तर रंगाचा विचार थांबवा आणि आम्हाला दाखवा. क्रोमवरचा हलका गंज चुरगळलेल्या अ‍ॅल्युमिनियम फॉइलला पाणी लावून घासला तरी निघतो. इंजिनच्या कव्हरांना कॉस्टिक सोडा लावू नका, अ‍ॅल्युमिनियम विरघळतं. स्टेनलेसचे बोल्ट दिसतात छान, पण खाऱ्या हवेत अ‍ॅल्युमिनियममध्ये ते जाम होतात. लावायचेच तर कॉपर ग्रीस लावून.

गणपती आणि शिमग्यालाच चालणाऱ्या गाडीसाठी

मुंबईहून येणाऱ्यांच्या गाड्या पुन्हा वर्षभर उभ्या राहणार, हे आम्हाला माहीत आहे. हल्ली पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, पाणी टाकीच्या तळाशी बसतं आणि स्वच्छ केलेल्या टाकीला पुन्हा गंज धरतो. जुना रबरी पाइप आणि कॉकचे वॉशरही त्याने फुगतात, ते बदलून घ्या. परत जाताना टाकी पूर्ण रिकामी करा, कार्बोरेटरचा तळाचा स्क्रू सैल करून त्यातलंही पेट्रोल काढा, टाकीत इंजिन ऑइल फिरवा आणि बॅटरी काढून घरात ठेवा. गाडी प्लास्टिकने गुंडाळू नका, आत घाम साचतो. सुती चादर बरी.

आमच्याकडे काय द्यावं

ब्लॉक बोअरिंग, व्हॉल्व्ह सीट, चाकं सरळ करणं, टाकीचं वेल्डिंग आणि पावडर कोटिंग ही कामं आम्ही करतो. खर्चाचा अंदाज पार्ट बघितल्यावरच देतो, फोनवर देत नाही. ब्लॉक आणताना पिस्टन सोबत आणा, कोटिंगचे भाग बेअरिंग आणि बुश काढून आणा. टाकी आणायची असेल तर आदल्या दिवशी रिकामी करून, झाकण आणि कॉक काढून उघड्यावर ठेवा. वास राहिलेली टाकी घेऊन एसटीत बसू नका.