मूत्राशयातील एंडोमेट्रिओसिस

गर्भाशयाच्या अंतःस्तरासारखे ऊतक मूत्राशयाच्या स्नायुभित्तीत वाढल्याने होणारा विकार. एंडोमेट्रिओसिस (असे ऊतक गर्भाशयाबाहेर वाढणे) मूत्रसंस्थेत क्वचितच पोहोचतो. पोहोचला, तर बहुधा मूत्राशयातच आढळतो. त्याचे पहिले वर्णन सामान्यतः अमेरिकन शल्यविशारद जड (Judd) यांच्या १९२१ मधील लेखात असल्याचे मानतात.

उगमाबाबत एकमत नाही. पाळीचे काही रक्त अंडवाहिन्यांतून उलट उदरपोकळीत उतरते आणि त्यातील पेशी तेथे रुजतात, अशी उपपत्ती अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञ सॅम्पसन यांनी १९२७ मध्ये मांडली. दुसऱ्या मतानुसार भ्रूणावस्थेतील म्यूलर नलिकेच्या (जिच्यापासून गर्भाशय व अंडवाहिन्या बनतात तिच्या) अवशेषांचे रूपांतर होऊन गाठ बनते. तिसऱ्या मतानुसार गर्भाशयाच्या पुढच्या भित्तीतील अ‍ॅडेनोमायोसिसच (अंतःस्तराची गर्भाशयाच्या स्नायूत झालेली वाढ) मूत्राशयात शिरतो. सिझेरियननंतरच्या काही रुग्णांत शस्त्रक्रियेच्या वेळी पेशी तेथे रुजल्या असाव्यात. गाठ बहुतेकदा गर्भाशय व मूत्राशय यांमधील खळग्यालगत असते आणि बाहेरून आत वाढत जाते; हे पाहता पहिली उपपत्ती अधिक संभवनीय वाटते, तथापि सर्व रुग्णांना ती लागू पडत नाही.

वारंवार लघवी, उन्हाळी लागल्यासारखी जळजळ आणि ओटीपोटातील दुखणे पाळीच्या सुमारास वाढते. लघवीतून रक्त मात्र थोड्याच स्त्रियांना जाते. लघवीच्या कल्चरमध्ये जंतू न सापडताही प्रतिजैविके पुनःपुन्हा दिली जातात आणि निदान लांबते. मूत्राशय थोडे भरलेले ठेवून योनिमार्गे केलेल्या सोनोग्राफीत गाठ दिसू शकते. तिचा विस्तार एमआरआयने कळतो. मूत्राशयात घातलेल्या दुर्बिणीतून निळसर उंचवटे दिसतात व ते पाळीच्या दिवसांत अधिक ठळक होतात, पण गाठ आतल्या अस्तरापर्यंत आली नसेल, तर अस्तर निर्दोष दिसते. कर्करोगाची शंका असल्यास ऊतकाचा तुकडा तपासावा लागतो.

डायनोजेस्ट (रोज २ मिग्रॅ.) यांसारखी प्रोजेस्टोजेने (प्रोजेस्टेरॉनसारखे कार्य करणारी औषधे) किंवा संयुक्त गर्भनिरोधक गोळ्या लक्षणे आटोक्यात ठेवतात, औषध थांबवल्यावर ती बहुधा परततात, आणि गर्भधारणेची इच्छा असल्यास हा मार्ग सोयीचा नसतो. मूत्रमार्गातून केवळ आतला भाग खरवडल्यास बाहेरचा भाग शिल्लक राहून रोग उलटण्याचा धोका असतो. म्हणून लॅपरोस्कोपीने गाठीसह भित्तीचा तेवढा भाग काढून मूत्राशय शिवणे अधिक पसंत केले जाते. त्यानंतर साधारण १ ते २ आठवडे कॅथेटर ठेवतात. गाठ मूत्रवाहिनीच्या (मूत्रपिंडातून मूत्राशयात लघवी आणणाऱ्या नळीच्या) मुखाजवळ असल्यास आधी तेथे स्टेंट (बारीक नळी) घालतात. मूत्रवाहिनीही ग्रस्त असल्यास मूत्रपिंड कसलीही वेदना न होता निकामी होऊ शकते, यासाठी त्याची सोनोग्राफी सुरुवातीलाच करणे इष्ट.