साठेखत की खरेदीखत? विकणाऱ्याच्या हातात कोणता कागद आहे ते आधी बघा

दोन्ही दस्त दुय्यम निबंधकासमोरच नोंदवले जातात. दोन्हींना लिहून देणार आणि लिहून घेणार यांचे फोटो नि अंगठे असतात, मिळकतीचं वर्णन जवळपास शब्दशः तेच असतं आणि मुद्रांक शुल्काचा आकडाही पुष्कळदा तितकाच मोठा असतो. म्हणून ‘रजिस्टर झालंय ना, मग काळजी कसली’ असं म्हणत साठेखतालाच खरेदी समजणारे खूप भेटतात. फ्लॅटचा भाग थोडा वेगळा आहे, तो पुढे येईलच. बंगला, रो-हाऊस, प्लॉट किंवा गावातलं घर घेणाऱ्याला मात्र ही गल्लत फार महागात पडते.

साठेखतात मालक म्हणतो, अमुक अटी पुऱ्या झाल्या, उरलेली रक्कम मिळाली, की मी ही मिळकत तुम्हाला विकेन. खरेदीखतात तो म्हणतो, विकली. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, 1882 चं कलम 54 याबाबत स्पष्ट आहे: नुसत्या विक्रीच्या करारामुळे मिळकतीत कोणताही हक्क तयार होत नाही. शंभर रुपये किंवा त्याहून जास्त किमतीच्या स्थावर मिळकतीची मालकी बदलायची तर नोंदणीकृत खरेदीखतच लागतं. साठेखत हातात असलेला माणूस कोर्टात जाऊन ‘मला खरेदीखत करून द्या’ असं मागू शकतो. पण तो मालक झालेला नसतो.

मग शुल्क इतकं का भरावं लागतं? कारण महाराष्ट्राच्या मुद्रांक कायद्यात, साठेखतानेच ताबा दिला असेल किंवा खरेदीखताआधी द्यायचं ठरलं असेल, तर शुल्कापुरतं त्याला अभिहस्तांतरण, म्हणजे मालकी देऊन टाकणारा दस्त, मानलं जातं आणि शुल्क खरेदीखताच्या दराने लागतं. पुढे त्याच व्यवहाराचं खरेदीखत झालं की आधी भरलेलं शुल्क वजा होतं. सरकारने शुल्क आधी घेतलं एवढाच त्याचा अर्थ. शुल्काच्या पावतीने मालकी येत नाही.

आता तपासणीकडे. घर घेताना आपलं सगळं लक्ष आपल्या नावावर होणाऱ्या दस्ताकडे असतं. खरं तर आधी विकणाऱ्याचा दस्त बघायला हवा. त्याच्याकडून इंडेक्स टू, म्हणजे सूची क्रमांक दोन (नोंदवलेल्या दस्ताचा सरकारी गोषवारा), मागून घ्या. त्यातला पहिलाच रकाना ‘विलेखाचा प्रकार’. तिथे खरेदीखत किंवा अभिहस्तांतरणपत्र लिहिलंय, की साठेखत, की करारनामा? सातव्या रकान्यात देणाऱ्याचं नाव असतं, आठव्यात घेणाऱ्याचं. बरेच जण दुसऱ्या रकान्यातला मोबदला आणि तिसऱ्यातला बाजारभाव डोळ्यात तेल घालून वाचतात आणि पहिल्या रकान्यावरून नजर तशीच पुढे जाते!

तिथे साठेखत निघालं तर व्यवहार मोडायलाच हवा असं नाही. पण मूळ मालक अजून तोच जुना माणूस आहे, हे गृहीत धरून चाला. खरेदीखतावर लिहून देणार म्हणून त्याची सही हवी आणि साठेखतवाल्याने संमती देणार म्हणून सही करावी. ‘मूळ मालक परगावी आहेत, माझ्याकडे त्यांचं कुलमुखत्यारपत्र आहे’ असं सांगितलं गेलं तर सावध व्हा. साठेखत, मुखत्यारपत्र आणि मृत्युपत्र अशी मोट बांधून मालकी जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये सूरज लॅम्प खटल्यात निःसंदिग्ध सांगितलं आहे. मालकाने खरोखर नेमलेल्या मुखत्याराने त्याच्या वतीने खरेदीखत करून देणं वेगळं. ते चालतं, पण मुखत्यारपत्र रद्द झालेलं नाही आणि मालक हयात आहे, याची खात्री करूनच.

उलट बाजूही तपासावी लागते. विकणाऱ्याकडे स्वच्छ खरेदीखत आहे, पण त्याने आधीच तिसऱ्या कुणाला साठेखत करून दिलं असेल तर? ते नोंदणीकृत असेल तर सर्चमध्ये, म्हणजे नोंदणी कार्यालयातल्या जुन्या नोंदींच्या शोधात, सापडतं. आणि सापडायलाच हवं, कारण नोंदलेल्या दस्ताची माहिती पुढच्या खरेदीदाराला होती असं कायदा धरून चालतो. ‘मला ठाऊक नव्हतं’ हे उत्तर तिथे टिकत नाही. असं साठेखत दिसलं तर नोंदणीकृत रद्दलेख मागा. ‘त्याची तीन वर्षांची मुदत केव्हाच संपली’ हे विकणाऱ्यांचं लाडकं वाक्य आहे. खरेदीखताची तारीख ठरलेली असेल तर दाव्याची तीन वर्षं त्या तारखेपासून मोजतात, हे बरोबर. पण तारीखच लिहिलेली नसेल तर नकार कळल्यापासून मोजतात, आणि नकार कधी कळला यावरच पुढे वाद होतो.

नुसत्या नोटरीपुढे केलेलं साठेखत सर्चमध्ये दिसतच नाही. नोंदणी नसली तरी खरेदीखत मागण्याच्या दाव्यात ते करार झाल्याचा पुरावा म्हणून वाचलं जाऊ शकतं. म्हणून वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्यायची. आणि घरात राहतंय कोण, हे स्वतः जाऊन विचारायचं. प्रत्यक्ष ताबा असलेल्याच्या हक्काची माहिती खरेदीदाराला होती, असंही कायदा मानतो. वकिलाचा सर्च रिपोर्ट दारावरची बेल वाजवत नाही.

फ्लॅटचं म्हणाल, तर तिथे विकणाऱ्याकडे बिल्डरचा नोंदणीकृत करारनामाच असणं नेहमीचं आहे. महाराष्ट्रात सोसायटी पद्धतीत जमीन आणि इमारत बिल्डरने सोसायटीच्या नावे करून द्यायची असते आणि सदस्याकडे करारनामा, ताबापत्र आणि शेअर सर्टिफिकेट असतं. अशा वेळी ‘तुमचं खरेदीखत कुठंय’ विचारण्यापेक्षा सोसायटीचं कन्व्हेयन्स, म्हणजे हेच अभिहस्तांतरण, झालंय का, ते विचारा. बिल्डरने टाळलं असेल तर सोसायटीला जिल्हा उपनिबंधकांकडे मानीव अभिहस्तांतरणासाठी (बिल्डरने करून न देताही मिळणाऱ्या, ‘डीम्ड कन्व्हेयन्स’साठी) अर्ज करता येतो. नव्या प्रकल्पात रेरा, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर नियंत्रण ठेवणाऱ्या, कायद्याच्या कलम 13 प्रमाणे करारनामा नोंदवण्याआधी किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम बिल्डरला घेता येत नाही.

तुमच्या स्वतःच्या साठेखतात खरेदीखताची ठराविक तारीख घालून घ्या आणि ते नोंदवूनच घ्या. पैसे तयार असतील तर थेट खरेदीखत करणं उत्तम. दोन दस्तांमधलं अंतर लांबलं आणि मधल्या काळात मालक गेला, तर करार वारसांवर बंधनकारक राहतो खरा, पण मग सह्या एकाऐवजी सगळ्या वारसांच्या लागतात, आणि त्यांतल्या एखाद्याला वाढलेला भाव दिसू लागतो.