वस्तीरचना आणि आरोग्य (मुंबई)

घराला उजेड किती, वारा कुठून, दोन इमारतींत जागा किती, संडास किती जणांत आणि वस्ती कशाच्या शेजारी, या गोष्टींचा रहिवाशांच्या प्रकृतीशी येणारा संबंध. मुंबई शहराने हा संबंध फार मोठी किंमत मोजून ओळखला, त्यावर नियम केला आणि पुढे गरिबांची घरे बांधताना तोच नियम बाजूला ठेवला.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी ग्रंथिज्वराच्या प्लेगचे निदान केले. मांडवी म्हणजे धान्याची गोदामे आणि त्यांना चिकटून दाटीवाटीची घरे. प्लेग उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरतो हे तेव्हा ठाऊक नव्हते. ओल, अंधार आणि कोंडलेली हवा हेच रोगाचे मूळ, अशी समजूत होती. म्हणून ऊन आत यावे यासाठी घरांची कौले उतरवली गेली आणि ‘राहण्यास अयोग्य’ अशा खुणा दारांवर पडल्या. १८९८ मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. समुद्राचा वारा दाट वस्तीत शिरावा म्हणून त्याने प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड काढले. या कामात जितकी घरे पाडली, तितकी बांधली मात्र नाहीत. उठवलेली माणसे शेजारच्या चाळींत शिरली आणि तिथली गर्दी वाढली.

प्लेगच्या कारणाचा अंदाज चुकला होता, पण त्यावरचा उपाय क्षयाला लागू पडणारा होता. क्षयाचे जंतू खोकल्यातून हवेत येतात आणि बंद खोलीत बराच वेळ तरंगत राहतात. वारा त्यांना पांगवतो, थेट ऊन त्यांना मारते. ट्रस्टचे प्रमुख जे. पी. ऑर यांनी उजेड आणि हवा हा विषय लावून धरला. त्यातून साडेत्रेसष्ट अंशांचा नियम रुजला. खालच्या खोलीच्या भिंतीच्या पायथ्याशी उभे राहून जमिनीशी या कोनात वर पाहिले, तर मध्ये काही आड न येता आभाळ दिसले पाहिजे. गवंड्याच्या हिशेबात सांगायचे, तर समोरची इमारत जितकी उंच, त्याच्या निम्मी जागा मध्ये मोकळी हवी. दादर-माटुंग्याच्या हिंदू कॉलनीत किंवा पारशी कॉलनीत आजही झाडांखालून चालताना ट्रस्टची ती आखणी दिसते. मात्र त्या वस्त्या मुख्यतः मध्यमवर्गाच्या वाट्याला आल्या.

गिरणी कामगारांसाठी १९२० नंतर बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडी येथे मिळून २०७ चाळी बांधल्या. त्याच बीडीडी चाळी. तळमजला अधिक तीन मजले, मधोमध लांब बोळ, दोन्ही अंगांना १६० चौरस फुटांच्या खोल्या आणि मजल्याच्या टोकाला सामाईक संडास. एका खोलीत आठ-दहा माणसे असत आणि पाळी बदलली की अंथरुणावरचा माणूसही बदलत असे. चाळीच्या आठवणी काढताना हे विसरले जाते. पण चाळीने दिलेला आधारही खरा होता. दारे दिवसभर उघडी असत. म्हाताऱ्या माणसाने सकाळी दार उघडले नाही तर शेजारी हाक मारी, बाळंतिणीला पेज शेजारून येई. आजारी माणूस एकटा पडू न देणे हेही आरोग्याचेच काम आहे, आणि ते त्या बोळाने व चाळीच्या अंगणाने केले.

आजच्या मुंबईत या विषयाचे सर्वांत दुखरे उदाहरण गोवंडी-मानखुर्दच्या पुनर्वसन वसाहतींत आहे. रस्ते आणि रेल्वे प्रकल्पांत घरे गेलेल्या कुटुंबांना लल्लुभाई कंपाऊंड, नटवर पारेख कंपाऊंड अशा ठिकाणी २२५ चौरस फुटांची घरे मिळाली. जास्त घरे बसावीत म्हणून झोपडपट्टी पुनर्वसनाच्या (वर्तमानपत्री भाषेत ‘झोपु’) नियमांत इमारतींमधली मोकळी जागा कमी ठेवण्याची सूट आहे. तिचा परिणाम असा, की सात-आठ मजली इमारतींमध्ये काही ठिकाणी जेमतेम तीन मीटर अंतर उरले. साडेत्रेसष्ट अंशांच्या नियमाने तिथे दहा-बारा मीटर लागले असते. खालच्या मजल्यांवर भर दुपारी ट्यूबलाइट लावावी लागते. मधल्या घरगल्लीत वरून कचरा पडतो, सांडपाणी साचते, मग वास आणि डास नकोत म्हणून खिडकी कायमची बंद होते, आणि उरलेली हवाही जाते. डॉक्टर्स फॉर यू ही संस्था आणि आयआयटी मुंबई यांच्या संशोधकांनी या दोन वसाहतींची तुलना अधिक मोकळ्या पीएमजी कॉलनीशी केली. दाट वसाहतींत, त्यातही खालच्या मजल्यांवर, क्षयाचे प्रमाण ठळकपणे जास्त आढळले. सहा महिने औषध घेऊन बरा झालेला रुग्ण पुन्हा त्याच खोलीत झोपतो, हे इथे काम करणाऱ्या प्रत्येकाला छळणारे वास्तव आहे. गोळ्या फुकट मिळतात. खिडकी मिळत नाही.

घर आतून बरे असले तरी जागा घातक असू शकते. तानसा जलवाहिनीलगतच्या झोपड्या हटवून तिथल्या कुटुंबांना माहुलला पाठवले गेले. तिथे शेजारी तेलशुद्धीकरण कारखाने आहेत. त्या भागातील हवा रहिवाशांच्या प्रकृतीला धोकादायक असल्याचे राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्येच नोंदवले होते. रहिवाशांनी खोकला, त्वचारोग आणि दम्याच्या तक्रारी घेऊन दीर्घ आंदोलन केले. २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने माहुलला जाण्याची सक्ती करता येणार नाही, असे सांगून पर्यायी घर नसेल तर महिना १५,००० रुपये भाडे देण्याचा आदेश दिला.

बीडीडी चाळींच्या जागी आता म्हाडा मनोरे उभारत आहे. १६० चौरस फुटांच्या खोलीबदली ५०० चौरस फुटांचे घर, आत स्वतःचा संडास-मोरी. वरळीत पहिल्या रहिवाशांना ऑगस्ट २०२५ मध्ये चाव्या मिळाल्या. पिढ्यान्‌पिढ्या रांगेत उभ्या राहिलेल्या बायकांसाठी घरातला संडास ही मोठी सुटका आहे. उंच मनोऱ्यात लिफ्ट बंद पडली तर गुडघे दुखणारी आजी खाली कशी उतरणार आणि मुले कुठे खेळणार, हे प्रश्न मात्र चाळीत कधी पडले नव्हते.